पाणी माइन्सला जाताना दोरी, टेप आणि खडू घेऊन जा

प्रति,
बडोद्यातली मराठी मंडळं, भटकंतीचे गट आणि पावसाळी सहलींचे आयोजक यांस,

सप्रेम नमस्कार.

पहिला पाऊस पडला की पावागढ, शिवराजपूर, जांबुघोडा या पट्ट्यातल्या सहलींचे मेसेज फिरायला लागतात. अलीकडे त्यांत ‘पाणी माइन्स’, म्हणजे पाणी गावच्या जुन्या मँगनीज खाणी, हे नाव हटकून असतं. ओसाड खाण, रुळांविना स्टेशन, ‘भुताटकीचं गाव’, आणि शेवटी अभिमानाची एक ओळ: ‘आपल्या गायकवाड सरकारांनी बांधलेली रेल्वे’. आम्ही हे पत्र लिहिणारे रेल्वेचं बांधकाम, खाणकाम किंवा जुनी दफ्तरं यांपैकी कशात ना कशात मुरलेले आहोत. सहली बंद करा असं आमचं म्हणणं नाही. जा, जरूर जा. पण चाळीस माणसं चाळीस सेल्फी घेऊन परत येतात, त्याऐवजी चाळीस माणसांनी मिळून वीस मोजमापं आणली तर तिथवर जाणाऱ्या, आता बंद पडलेल्या रेल्वेलाइनचा नकाशा दोन हिवाळ्यांत तयार होईल. तो कसा करायचा, कुठे फसायला होतं आणि कुठे पाय ठेवायचा नाही, एवढंच सांगायचं आहे.

आधी ती अभिमानाची ओळ काढून टाका, कारण ती चूक आहे.

गायकवाडी रेल्वे म्हणजे डभोईची. खंडेराव महाराजांच्या काळात १८६२ साली डभोई ते मियागाम ही लाइन झाली. सुरुवातीला तिच्यावर डबे बैल ओढत. सयाजीरावांच्या काळात डभोईभोवती या छोट्या गाड्यांचं जाळं पसरलं. चांपानेर रोडहून पावागढच्या पायथ्याने शिवराजपूर आणि पुढे पाणी माइन्सपर्यंत जाणारी सुमारे ५० किलोमीटरची लाइन त्या जाळ्यातली नव्हेच. ती १९११ ते १९१३ या काळात झाली, गुजरात रेल्वेज नावाच्या कंपनीची, आणि कंपनीचा कारभार मुंबईच्या किलिक निक्सन या पेढीकडे. नाव ओळखीचं वाटलं ना? विदर्भातली ‘शकुंतला’ याच घराण्याची. मूर्तिजापूर ते यवतमाळ आणि मूर्तिजापूर ते अचलपूर धावणारी ती गाडी आणि पाणी माइन्सची गाडी या एकाच मॅनेजिंग एजंटच्या लेकी. नडियाद–कपडवंज आणि गोधरा–लुणावाडा या लाइनीही त्यांच्याच.

घोळ होतो तो गेजमुळे, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतरामुळे. डभोईची गाडीही अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटरची, आणि हीसुद्धा तेवढ्याच रुंदीची. गेज तेच म्हणून मालक तोच, असं नसतं.

जमीनही बडोद्याची नव्हती. गोधरा, कालोल, हालोल, दाहोद आणि झालोद हे पाच महाल शिंद्यांचे. त्यांचा कारभार १८५३ साली इंग्रजांकडे गेला आणि १८६१ साली अदलाबदलीत मुलूखच गेला. लाइन पडली तेव्हा हालोल मुंबई इलाख्यात होतं आणि पलीकडे रेवाकांठा एजन्सीतली छोटी संस्थानं होती. तेव्हा या भागाशी मराठी नातं जोडायचंच असेल तर ते ग्वाल्हेरमार्गे जोडा. किंवा तात्या टोपे आठवा. डिसेंबर १८५८ मध्ये छोटा उदेपूरला त्यांची इंग्रजांशी गाठ पडली होती. सयाजीरावांच्या नावावर आधीच इतकं आहे की उसनं काही चढवायची गरज नाही.

या गैरसमजाची किंमत मोजावी लागते. २०१८ साली रेल्वेने गुजरातमधल्या पाच छोट्या लाइनी जतन करायच्या ठरवल्या: डभोई–मियागाम, मियागाम–मालसर, चोरंदा–मोटी कोरल, प्रतापनगर–जंबुसर आणि बिलिमोरा–वघई, मिळून २०४ किलोमीटर. पाणी माइन्सची लाइन त्याच्या कितीतरी आधी बंद झाली होती, म्हणून त्या यादीत तिचा प्रश्नच नव्हता. आपण मात्र ‘गायकवाडी रेल्वे वाचली’ म्हणून खूश झालो, आणि जी वाचली नाही ती कुणाची होती हेही विसरलो.

आता ही लाइन डोंगरात कशाला गेली ते. मँगनीजसाठी. लोखंडात गंधक राहिला की तापवून लाटताना पोलाद तडकतं. मँगनीज त्या गंधकाला धरून ठेवतं, शिवाय ऑक्सिजनही काढतं. त्यामुळे पोलादाचे कारखाने वाढले तसा हा काळा दगड महाग झाला. भारतात १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला विजयनगरम भागात खाणी निघाल्या, १९०० च्या सुमारास नागपूरकडे. १९०५ च्या आसपास रशियातल्या गोंधळामुळे कॉकेससचा माल अडला आणि भारतीय मँगनीजला एकदम भाव आला. शिवराजपूर आणि पाणी इथल्या खाणी त्या लाटेतल्या, आणि शिवराजपूर सिंडिकेट हे नाव जुन्या कागदांत सापडेल ते इथलंच. दगड खूप जुना, भूगर्भशास्त्रात ‘चांपानेर गट’ म्हणून ओळखला जाणारा: क्वार्टझाइट आणि फिलाइट यांच्या थरांत मँगनीज. शेजारचा पावागढ हा वेगळाच प्रकार, दख्खनच्या ज्वालामुखीचा, या खडकांच्या मानाने अगदी कालचा.

या धंद्याचं गणित डब्यात दिसतं. समजा दहा टनी उघडा डबा आहे, आतून पाच मीटर लांब आणि एक मीटर ऐंशी सेंटिमीटर रुंद. तळ झाला ९ चौरस मीटर. फोडलेलं मँगनीज ढिगात भरलं तर घनमीटरला अडीच टनांच्या आसपास भरतं. म्हणजे दहा टनांना ४ घनमीटर, आणि ४ भागिले ९ म्हणजे ४४ सेंटिमीटर. डब्यात माल गुडघ्याच्याही खाली! वरचा सगळा डबा रिकामा. कोळशासारखा शीग लावून भरलेला डबा दाखवून कुणी ‘पाणी माइन्सचा जुना फोटो’ म्हणाला तर विश्वास ठेवू नका. तेवढं मँगनीज भरलं असतं तर ॲक्सल मोडला असता. जुने फोटो तपासायला याहून सोपी कसोटी नाही.

भार एवढा म्हणून खर्चही तसाच. चांपानेर रोडला छोटी लाइन संपायची आणि १६७६ मिलिमीटरची मोठी लाइन सुरू व्हायची. गेज बदललं की माल एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरणं आलं. अशा जागी सोय सहसा ठरलेली असते: छोटी लाइन उंच धक्क्यावर घ्यायची, मोठी तिच्या खालच्या अंगाला, म्हणजे टोपली वर उचलावी लागत नाही, खाली ओतली जाते. हा उंचीतला फरक रूळ गेल्यावरही जमिनीत टिकून राहतो. म्हणून तिथे गेलात तर इमारतीआधी दोन लाइनींच्या पातळीतला फरक बघा आणि मोजा. एक सूचना: चांपानेर रोड स्टेशन चांपानेरला नाही. रेल्वेच्या भाषेत नावापुढे ‘रोड’ लागलं की ‘तिकडे जाणाऱ्या वाटेवरचं स्टेशन’ एवढाच अर्थ. वडोदरा–गोधरा लाइनवर ते आहे आणि पावागढ तिथून बराच लांब. बाहेरगावच्या पाहुण्यांना तिथे उतरवून देऊ नका.

‘पाणी’ हे गावाचं नाव आहे. ‘पाण्याची खाण’ असं कॅप्शन आम्ही तीन वेळा वाचलं, म्हणून लिहितोय.

आता मुख्य काम. रूळ उचलले की लाइनचं जे उरतं ते म्हणजे मातीचा भराव, खोदलेली खिंड, मोऱ्यांचे, म्हणजे नाल्यांवरच्या छोट्या पुलांचे, दगडी कान (दोन बाजूंच्या भिंती) आणि हद्दीचे दगड. भराव पायवाट होतो, मग बैलगाडीची वाट, मग ट्रॅक्टर येतो आणि कडा बसतात. दहा वर्षांनी तो भराव होता की बांध, हे गावातल्याही कुणाला सांगता येत नाही. म्हणून आज पायाखालची वाट लाइनची आहे की नाही, हे ओळखता यायला हवं.

पहिली खूण रुंदी. अडीच फुटी लाइनचा भराव माथ्यावर साधारण १२ फूट म्हणजे ३.७ मीटर असतो, खिंडीत थोडा कमी. कडा झिजल्या असतील तर आज ३ मीटरच भरेल. ५ मीटरच्या वर असेल तर बहुधा नंतर कुणी रस्ता केलाय.

दुसरी खूण चढ. गाडीवाट टेकडी दिसली की सरळ वर चढते, नाला दिसला की खाली उतरते. रेल्वे तसं करत नाही. ती टेकडी कापते, नाला भरते किंवा त्यावर मोरी बांधते. मोजायला गवंड्याची पाण्याची नळी न्या, दहा मीटरची, पारदर्शक. नळीत पाणी भरताना आत बुडबुडा राहिला तर आकडा चुकतो, त्यामुळे नळी एकदा पूर्ण उचलून बुडबुडे बाहेर काढा. दोन्ही टोकांना जमिनीपासून पाण्याची उंची घ्या आणि वजा करा. दहा मीटरमध्ये १० सेंटिमीटर फरक आला तर चढ १०० ला १. असं सलग पाच-सहा वेळा करा, एकाच मापावर विसंबू नका, कारण गुरांच्या खुरांनी पडलेला एक खड्डा निकाल फिरवतो. सलग ४० ला १ पेक्षा जास्त चढ आला तर तुम्ही लाइन सोडून भलतीकडे निघालात.

तिसरी खूण वळण, आणि यात खरी गंमत आहे. न ताणणारी २० मीटरची सुती दोरी घ्या, नायलॉन नको. दोघांनी भरावाच्या एकाच कडेवर दोन टोकं धरून ताठ करा. तिसऱ्याने दोरीच्या बरोबर मध्यावर उभं राहून दोरीपासून कडेपर्यंतचं अंतर मोजायचं. ते २५ सेंटिमीटर आलं असं धरू. दोरीचा वर्ग ४००, आठ गुणिले ०.२५ म्हणजे २, आणि ४०० भागिले २ म्हणजे २०० मीटर: ही वळणाची त्रिज्या. रेल्वेवाले वळण अंशात सांगतात, १७५० ला त्रिज्येने भागायचं, म्हणजे पावणेनऊ अंश. पुढे सरकून पुन्हा मोजा. सलग पाच ठिकाणी जवळपास तेच अंतर आलं तर वळण रेल्वेच्या माणसाने आखलंय. आकडा २५, ६०, १०, ४० असा उड्या मारत असेल तर वाट बैलांनी आखली आहे. जास्त कडा झिजलेल्या जागी बाहेरच्या कडेपेक्षा आतली कडा जास्त भरवशाची असते, कारण बाहेरची पाण्याने वाहून जाते.

मोरी सापडली की थांबा. तिथे पाच मिनिटं जास्त द्या, कारण मोरीची जागा हलत नाही आणि पुढचा सगळा नकाशा तिच्यावर टांगता येतो. गाळ्याची रुंदी, दगडी कानाची उंची, वर गर्डर बसवायच्या चौकोनी दगडाची लांबी-रुंदी, जोडकाम चुन्यातलं की सिमेंटचं, आणि साल कोरलेला दगड असेल तर त्याचा तिरक्या उन्हात फोटो. दुपारी बाराला घेतलेल्या फोटोत कोरीव अक्षर दिसत नाही. मोबाइलचा जीपीएस झाडाखाली पाच-दहा मीटर सहज चुकतो, म्हणून फोन मोरीवर ठेवून दोन मिनिटं वाट पाहा आणि अक्षांश-रेखांश दशांशात पाच स्थळांपर्यंत लिहा. पाचवं स्थळ म्हणजे साधारण एक मीटर. सहावं-सातवं लिहून अचूकता वाढत नाही, फक्त वहीतली जागा भरते.

रुळांचे तुकडे कुंपणाच्या खांबात, गोठ्याच्या आढ्यात, ओढ्यावरच्या फळीखाली दिसू शकतात. रुळाच्या उभ्या पानावर अक्षरं उठवलेली असतात: कारखाना, साल, वजन. गंज खरवडू नका. पांढरा खडू आडवा धरून हलक्या हाताने फिरवा, उठावावर रंग चढतो आणि अक्षर वाचता येतं. वजन यार्डाला पौंडात असतं. ३० पौंडी रूळ म्हणजे मीटरला १५ किलोच्या जवळपास, ३५ पौंडी म्हणजे १७ च्या पुढे. आजच्या मोठ्या लाइनचा रूळ मीटरला ५२ किंवा ६० किलोचा, त्यामुळे उचलून बघायचीही गरज नाही, नजरेलाच कळतं. पण रुळावरचं साल म्हणजे लाइनचं साल नव्हे. हलक्या लाइनींवर दुसरीकडून काढलेले रूळ टाकायची पद्धत सगळीकडे होती. १८९८ चा रूळ सापडला म्हणून लाइन १८९८ ची ठरत नाही. या एका चुकीवर कितीतरी ‘शोध’ उभे आहेत.

आणि काहीही उचलून आणू नका. स्लीपरचा खिळा असो की नावाच्या पाटीचा तुकडा, तो रेल्वेचा माल आहे. १९६६ च्या रेल्वे मालमत्ता कायद्यात अशा वस्तू जवळ बाळगण्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. दिवाणखान्यातल्या शोकेससाठी एवढी जोखीम कशाला? त्याहून मोठं नुकसान असं की जागेवरून हललेला खिळा काहीच सांगत नाही.

दगडाबद्दल. मुलं पावागढचा काळा बेसॉल्ट आणून ‘मँगनीज’ म्हणून शाळेच्या प्रदर्शनात ठेवतात. ओळखायचे दोन घरगुती मार्ग. एक, फरशीच्या मागच्या, न चकाकणाऱ्या बाजूवर दगड घासा. मँगनीजचा कस, म्हणजे घासल्यावर उठणारी रेघ, काळा किंवा काळपट तपकिरी येतो, हेमाटाइटचा लाल, बेसॉल्टचा जेमतेम राखाडी. दोन, मासे तोलायचा स्प्रिंगकाटा घ्या. दगड दोऱ्याने टांगून हवेत तोला, मग बादलीत पूर्ण बुडवून, तळाला टेकू न देता. हवेत ६०० ग्रॅम आणि पाण्यात ४६५ आलं, तर फरक १३५, आणि ६०० भागिले १३५ म्हणजे ४.४. हे मँगनीजचं खनिज. बेसॉल्ट तीनच्या आत-बाहेर राहतो. दगडात पोकळ्या असतील तर आकडा कमी दिसतो, म्हणून घट्ट तुकडा निवडा. हे सगळं तिथेच करा आणि दगड जिथला तिथे ठेवा. खनिज सरकारचं असतं, आणि हा भाग जांबुघोडा अभयारण्याच्या शेजारचा. अभयारण्याच्या हद्दीत शिरायचं तर वन विभागाची परवानगी आधी काढावी लागते.

आता धोक्याचं, आणि इथे आम्ही नाठाळपणे बोलणार आहोत.

खाणीतल्या पाण्यात पोहायचं नाही. तलावाचा काठ हळूहळू खोल होत जातो, खाणीचा होत नाही. एका पावलावर घोटाभर, दुसऱ्यावर दहा-बारा मीटर. कडा उभी असते, वर यायला पकड नाही, ओल्या दगडावर हात टिकत नाही. वरचं पाणी उन्हाने कोमट आणि खालचं थंडगार, त्या झटक्याने पट्टीच्या पोहणाऱ्याचाही दम तुटतो. मुलगा बुडाला तर त्याला काढायला उतरलेला दुसराही वर येत नाही, हेच सगळीकडे घडतं.

उभ्या कातळाच्या पायथ्याशी डबा खायला बसू नका. चालू खाणीत कठीण दगडाची भिंतसुद्धा सहा मीटरच्या पायऱ्यांत कापायचा नियम आहे आणि मुरूम-मातीची तर दीड मीटरच्या. सोडलेल्या खाणीत त्या पायऱ्या पावसाने कधीच ढासळलेल्या असतात. कातळ जितका उंच, निदान तितकं अंतर खाली ठेवा. वरून बघतानाही काठावर जाऊ नका, कारण काठ आतून पोखरलेला असू शकतो आणि वरून गवत छान दिसतं. मातीचे ढीग भुसभुशीत असतात. ते आपापल्या कोनात टेकलेले असतात, ओले झाले आणि वर मुलं धावली की सरकतात.

बोगद्यात शिरू नका. हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. १९ च्या खाली गेला की धोका, आणि ते नाकाला कळत नाही. मोबाइलचा टॉर्च ऑक्सिजन नसला तरी मस्त चालतो. शिवाय या जंगलात अस्वलं आहेत आणि अस्वलाला अशी जागा फार आवडते.

तिथलं पाणी पिऊ नका, हेही आलंच. मात्र जवळच्या वस्तीतले लोक कुठलं पाणी पितात, हा प्रश्न सहलीपेक्षा मोठा आहे आणि मंडळांना त्यात खरोखर काही करता येईल. पिण्याच्या पाण्यात मँगनीज लिटरला ०.१ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोत नसेल तर ०.३ पर्यंत चालवून घ्यावं, असं भारतीय मानक सांगतं. तपासायला नमुना नीट घ्यावा लागतो. आम्लाने धुतलेली प्लास्टिकची बाटली, नमुना ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळलेला आणि लगेच नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणलेला. गाळलं नाही तर तरंगणारी धूळही मोजली जाते आणि आकडा फुगतो. आम्ल घातलं नाही तर मँगनीज बाटलीच्या भिंतीला चिकटतं आणि आकडा पडतो. दोन्ही बाजूंनी फसगत. प्रयोगशाळेकडून तयार बाटल्या आणि सूचना घेऊनच जा. खाण बंद करण्याचा आराखडा देणं सक्तीचं झालं ते २००३ पासून. त्याआधी थंडावलेल्या खाणींना तसा आराखडाच नसतो, म्हणून कुंपणाची जबाबदारी कुणाची यावर वर्षानुवर्षं बोट दाखवणं चालतं. २०१५ च्या कायदादुरुस्तीने प्रत्येक खाण-जिल्ह्यात खनिज प्रतिष्ठान आलं, आणि त्याच्या निधीत पिण्याचं पाणी आणि पर्यावरण यांना अग्रक्रम आहे. अर्ज करायचाच असेल तर पाण्याची तपासणी आणि खड्ड्यांचं कुंपण मागा. सेल्फी पॉइंट नको.

कागदपत्रांकडे वळू. बडोद्याच्या कोठीत, म्हणजे गायकवाडी राज्याच्या जुन्या दफ्तरात, मोडी वाचणारे तुमच्यातलेच काही जण उत्साहाने ‘पाणी माइन्स’ शोधायला निघतील. थांबा. १८६१ नंतर हालोल इंग्रजी अमलात गेलं आणि मँगनीजचा धंदा त्यानंतर चाळीस-पन्नास वर्षांनी आला. या लाइनचा सरकारी पत्रव्यवहार मुंबई इलाख्याच्या बांधकाम आणि रेल्वे खात्यांत असणार, म्हणजे मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार. खेडा-पंचमहाल गॅझेटिअर १८७९ चं आहे, त्यात ही लाइन नाही म्हणून कुणी ‘इतिहास दडपला’ म्हणू नये. एल. एल. फर्मोर यांचा भारतीय मँगनीजवरचा भूगर्भ सर्वेक्षणाचा मोठा ग्रंथ १९०९ चा, म्हणजे लाइनच्या तोंडावरचा. सुरुवात तिथून करा. सोडून दिलेल्या खाणीचा नकाशा धनबादला खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे जमा करायची कायद्याची अट आहे, तेव्हा अर्ज तिकडे. सर्व्हे ऑफ इंडियाचा शिवराजपूरचा नकाशा ४६ एफ/११. लाइन चालू असतानाची जुनी आवृत्ती मिळवा, नव्यावर ती दिसेलच असं नाही. इंग्रजीत ‘पाणी’ आणि ‘चांपानेर’ यांची स्पेलिंगं दर कागदाला वेगळी, म्हणून शोधताना चार-पाच पर्याय टाका.

शेवटचं, माणसांचं. तिथे राठवा आणि नायक कुटुंबं राहतात. ते गाव त्यांचं घर आहे, ‘भुताटकीचं’ नाही. वयस्कर मंडळींशी बोलायचं तर गुजरातीत बोला, बडोदेकराला त्यात अडचण नाही. दगड फोडायची मजुरी कुठल्या मापावर मिळायची, टोपलीवर की रचलेल्या ढिगावर? ढीग कोण मोजायचं? बायका निवडायच्या की फोडायच्याही? धुरळ्याने कुणाचे हातपाय थरथरायला लागले होते का? हे शेवटचं विचाराच, कारण मँगनीजची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर कंपवातासारखा आजार होतो, आणि त्याची नोंद बहुधा घरच्यांच्या आठवणीतच सापडेल. रेकॉर्डिंगआधी परवानगी घ्या आणि नावं जाहीर करू नका. बदल्यात फोटो छापून नेऊन द्या.

जायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा. पावसाळ्यात भरावावर गवत छातीएवढं असतं, मोऱ्या दिसत नाहीत आणि कातळ सुटतात. म्हणजे सहलींचा हंगाम आणि कामाचा हंगाम बरोबर उलटे आहेत. एका गटाने तीन किलोमीटरच घ्या: पाच माणसं, एक नळी, एक दोरी, टेप, खडू, वही. प्रत्येक नोंदीला क्रमांक, वेळ, जागा, माप आणि माप घेणाऱ्याची सही. जिथे काही सापडलं नाही तेही लिहा, ‘किलोमीटर दोन ते अडीच, भराव नाही, शेत’ असं. वही भरली की तिची एक प्रत महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागात आणि एक प्रतापनगरच्या रेल्वे संग्रहालयात द्या. मूळ वही मंडळाच्या कपाटात राहू द्या, पण कपाटाची किल्ली कुणाकडे आहे तेही वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

कळावे, लोभ असावा.

आपले,
बडोद्यातले काही रेल्वे, खाण आणि दफ्तर अभ्यासक